पंख लावून पडणारीं माणसें

पक्ष्याप्रमाणें उडावें ही मनुष्याची इच्छा फार पुरातन आहे, हें वाक्य इतक्या वेळां लिहिलें गेलें आहे कीं तें आतां वाचकास कांहींच सांगत नाहीं. त्या इच्छेविषयीं आम्ही येथें बोलणार नाहीं. आम्हांस पाहावयाचें आहे तें एवढेंच कीं, ज्यांनीं खरोखर अंगास पंख बांधून स्वतःस आकाशांत लोटून दिलें, त्यांचें पुढें काय झालें व कशामुळें झालें. आमच्या रामायणांत संपातीचे पंख सूर्यानें जाळले. ग्रीकांच्या कथेंत इकॅरसाच्या पंखांचें मेण सूर्यानें वितळविलें. दोन्ही कथांचा रोख एकच, कीं पंखांनीं दगा दिला, आणि तोहि फार उंच गेल्यामुळें. कथा म्हणून हें ठीक आहे. परंतु गेल्या शंभर-सवाशें वर्षांतील हकीकती शेजारीं शेजारीं मांडून पाहिल्या म्हणजे निराळेंच चित्र दिसूं लागतें. या लोकांपैकीं ज्यांचीं नांवें जगास ठाऊक झालीं, त्यांतील बहुतेकांचा प्राण पंखांनीं घेतला नाहीं. तो घेणारा दुसराच कोणी होता.

ज्यांनीं हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. आज ज्यास विंगसूट म्हणतात तो एक अंगभर पोशाख असतो. हात आणि धड यांच्यामध्यें दोन बाजूंस एकेक व दोन पायांमध्यें एक, असे कापडाचे तीन पडदे त्यास शिवलेले असतात. पडदे दुहेरी असून त्यांत कप्पे असतात. कप्प्यांच्या तोंडांतून वारा आंत शिरला कीं ते उशीप्रमाणें फुगून ताठ होतात. उडत्या खारीचें चित्र ज्यानें पाहिलें असेल त्यास अधिक सांगावयास नको. विमानांतून साधी उडी घेणारा मनुष्य छत्री उघडेपर्यंत तासास सुमारें २०० किलोमीटर वेगानें खालीं येतो. विंगसूट घातलेल्याचा खालीं येण्याचा वेग निम्म्याहून कमी होतो, आणि एक मीटर खालीं येतांना तो अडीच ते तीन मीटर पुढें सरकतो. शेवटीं पाठीवरील हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडावीच लागते. तेव्हां यास उडणें म्हणावें कीं तिरपें पडणें म्हणावें, असा वाद कोणीं काढल्यास आम्ही पडण्याच्या पक्षाचे आहों. मात्र सरळ पडणें तिरपें करण्यास मनुष्यास ऐंशीं वर्षांहून अधिक काळ लागला, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे.

या इतिहासाचा आरंभ शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत होत नाहीं. तो पॅरिसमधील एका शिंप्याच्या दुकानांत होतो. फ्रांझ रायशेल्ट हा मूळचा ऑस्ट्रियन साम्राज्यांतील बोहेमियाचा. पॅरिसमध्यें येऊन त्यानें बायकांचे कपडे शिवण्याचा धंदा मांडला होता व तो बरा चालला होता. त्या काळीं विमानें नवीं होतीं आणि वैमानिक फार मरत असत. अपघातांत वैमानिकास वांचवील अशा हलक्या छत्रीसाठीं फ्रान्सच्या एरो क्लबांतर्फे १०,००० फ्रँकांचें बक्षीस लागलें होतें. रायशेल्टनें विचार केला, कीं छत्री वेगळी कशास? ती अंगरख्यांतच शिवून टाकावी. शिंप्यास सुचावा असाच हा विचार होता आणि तो अगदींच वेडगळ नव्हता. त्यानें पुतळ्यांस असे अंगरखे घालून ते आपल्या इमारतीच्या अंगणांत वरून टाकून पाहिले. पुढें पुढें ते पुतळे आपटूं लागले. त्यावरून त्यानें अनुमान काढलें तें असें, कीं अंगरख्यांत दोष नाहीं, दोष उंचीचा आहे; उंची अधिक मिळाली तर कापड उघडण्यास वेळ मिळेल.

उंचीसाठीं त्यानें आयफेल मनोऱ्याची परवानगी मागितली. पोलिसांनीं ती दिली ती पुतळा टाकण्यासाठीं. ४ फेब्रुवारी १९१२, रविवार, या दिवशीं सकाळीं तो मनोऱ्यापाशीं आला तो अंगरखा स्वतः घालूनच. मित्रांनीं त्यास परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. वर्तमानपत्रांचे बातमीदार होते, आणि चलच्चित्रें घेणारे दोन यंत्रें घेऊन आले होते, एक वर व एक खालीं. तो चित्रपट आजहि पाहावयास मिळतो. पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशीं टेबलावर खुर्ची ठेविलेली आहे. रायशेल्ट तिच्यावर उभा राहून एक पाय कठड्यावर ठेवतो, खालीं पाहतो, पुढें वांकतो, मागें येतो. बराच वेळ असें चालतें. मग तो उडी घेतो. ५७ मीटरांच्या त्या पतनांत कापड उघडलें नाहीं. तें त्याच्याच अंगाभोंवतीं गुंडाळलें गेलें. पुढच्या दृश्यांत कांहीं गृहस्थ गोठलेल्या जमिनींत पडलेला खळगा फूटपट्टीनें मोजतांना दिसतात. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या घुटमळण्याकडे पाहतांना आमच्या मनांत येतें, कीं यंत्रांचीं तीं दोन तोंडें त्याच्याकडे लागलेलीं नसतीं तर तो खुर्चीवरून कदाचित् खालीं उतरला असता. हें सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु पुढील सर्व इतिहासांत हीं पाहणारीं तोंडें पुनः पुनः आडवीं येतात, म्हणून त्यांची नोंद येथेंच करून ठेवतों.

छत्रीचें काम पुढें वेगळ्याच वाटेनें सुधारलें. आकाशांतून मोकळें पडणारा मनुष्य कांहीं क्षणांतच शुद्ध हरपतो, त्यास स्वतःच्या हातानें कांहीं करतां येणार नाहीं, अशी त्या काळीं पुष्कळांची समजूत होती. २८ एप्रिल १९१९ रोजीं अमेरिकेंत ओहायो प्रांतांत लेस्ली अर्विन यानें विमानांतून उडी घेतली, कांहीं अंतर तसाच पडूं दिला, व मग स्वतः दोरी ओढून छत्री उघडली. उतरतांना त्याचा घोटा मोडला, पण शुद्ध शाबूत होती. विंगसूटाचा खरा पाया या मोडक्या घोट्यानें घातला असें आम्ही समजतों. कारण पडतांना मनुष्य विचार करूं शकतो हें ठरल्यावांचून पडतांना दिशा बदलण्याची गोष्टच निघत नाहीं.

ती गोष्ट काढणारे निघाले ते मात्र विचार करणाऱ्यांपेक्षां तमाशा करणारे अधिक निघाले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत अमेरिकेंत व युरोपांत विमानांच्या जत्रा भरत. तिकिटें काढून हजारों लोक येत. विमानाच्या कसरती पाहून लोकांचा कंटाळा वाढला, तसें जत्रेच्या चालकांस कांहीं नवें हवें झालें. मिशिगनकडचा क्लेम सोन हा तरुण तें नवें घेऊन आला. कापड व पोलादी नळ्या यांचे पंख त्यानें घरींच केले होते. दोन पायांमध्येंहि एक पडदा होता. १९३५ च्या फेब्रुवारींत फ्लॉरिडांतील डेटोना बीच येथें त्यानें ते प्रथम लोकांस दाखविले, आणि लवकरच "वटवाघूळ-मनुष्य" म्हणून त्याचें नांव झालें. आजीच्या स्वयंपाकघरांत जितकें निर्धास्त वाटावें तितकें आपणांस वर वाटतें, असें त्यानें म्हटल्याचें वर्तमानपत्रांनीं छापलें आहे. २५ एप्रिल १९३७ रोजीं पॅरिसजवळ व्हँसेन येथें सुमारें एक लाख लोकांसमोर त्यानें उडी घेतली. पंखांनीं आपलें काम केलें. तो तरंगला, वळला, लोकांनीं टाळ्या वाजविल्या. नंतर त्यानें छत्रीची दोरी ओढली. छत्री उघडली नाहीं. राखीव छत्री ओढली, तीहि गुंतली. त्याचें वय २६ वर्षांचें होतें.

१९३० ते १९६१ या काळांत असे ७५ पंखवाले झाले व त्यांपैकीं ७२ मेले, असा आंकडा या विषयावरील लेखांत हटकून आढळतो. एकानें लिहिलें म्हणून दुसरा लिहितो. त्या बहात्तरांची यादी कोणी पुढें ठेवीत नाहीं. आंकडा वाटोळा नसला म्हणजे तो खरा वाटतो, एवढेंच त्याचें बळ. आम्ही त्यावर भार ठेवीत नाहीं. त्या काळच्या पंखांत मूळ अडचण काय होती हें मात्र स्पष्ट आहे. ताठ काठ्यांचे पंख वाऱ्यांत किंचित् वांकडे झाले कीं मनुष्य भोवऱ्यासारखा फिरूं लागे. आणि फिरत असतांना छत्री सोडली तर तिच्या दोऱ्या त्याच काठ्यांत अडकत. म्हणजे ज्या साधनानें वर तरावयाचें, तेंच शेवटच्या साधनाचा गळा धरी.

हें ज्याला सर्वांआधीं नीट कळलें तो फ्रान्सचा लेओ व्हॅलांतँ. या साऱ्या मंडळींत आमचा आदर सर्वांत अधिक याच्याविषयीं आहे. १९१९ सालीं एपिनाल येथें जन्मलेला हा गृहस्थ फ्रेंच सैन्यांत छत्रीधारी शिपाई झाला व दुसऱ्या महायुद्धांत लढला. युद्ध संपल्यावर त्यानें प्रथम पंख केले नाहींत. प्रथम तो पडावयास शिकला. त्या वेळीं मोकळें पडणारे लोक कोलांट्या खात, गरगर फिरत पडत, आणि तसेंच पडावयाचें असतें असें मानीत. व्हॅलांतँनें शोधून काढलें, कीं पोट खालीं, छाती पुढें, हात-पाय पसरलेले व पाठ कमानीप्रमाणें वांकलेली ठेवली तर शरीर आपोआप स्थिर राहतें. पालथें टाकलेलें पिसांचें फूल जसें आपल्या बुडावर येऊन स्थिरावतें तसें. आज जगांत कोठेंहि पहिल्या दिवशीं नवशिक्यास जी कमान शिकवितात ती हीच. पंखांवांचून त्यानें दिलेली ही देणगी त्याच्या पंखांपेक्षां मोठी आहे.

यानंतर तो पंखांकडे वळला. १९५० मध्यें कापडी पंख करून पाहिले. ते मनासारखे वागले नाहींत. मग त्यानें लाकडाचे ताठ पंख केले, आणि वाऱ्याच्या जोरानें हात मागें मोडूं नयेत अशी योजना त्यांत ठेविली. १९५४ सालीं या लाकडी पंखांवर आपण खरोखर तरंगत पुढें गेलों असा त्याचा दावा होता. पण अशा प्रयोगांस पैसा लागतो, आणि पैसा देणारी होती ती जत्राच. २१ मे १९५६ रोजीं इंग्लंडांत लिव्हरपूलच्या स्पीक विमानतळावर सुट्टीच्या दिवशीं एक लाखाच्या आसपास लोक जमले होते. व्हॅलांतँ विमानाच्या दारांतून बाहेर पडत असतांनाच एक पंख दाराच्या चौकटीवर आदळून फुटला. तो गरगरत खालीं येऊं लागला. छत्री सोडली ती गुंडाळली गेली, राखीव छत्रीहि तशीच. ज्यानें साऱ्या जगास स्थिर पडावयास शिकविलें, तो फिरत फिरत पडून मेला. येथेंहि विमानाची चौकट आणि छत्री हेच दोघे पुढें येतात. पंख मोडला खरा, पण तो वाऱ्यानें मोडला नाहीं.

यापुढें सुमारें पस्तीस-चाळीस वर्षें पंखांच्या बाबतींत सांगण्यासारखें फारसें कांहीं घडलें नाहीं. मात्र पंखांवांचून पुष्कळ घडलें, आणि इतिहासाच्या दृष्टीनें तेंच अधिक मोलाचें आहे. उडी घेणारे लोक जत्रेंतून उठून शाळेंत गेले. युगोस्लाव्हियांतील ब्लेड येथें १९५१ मध्यें पहिली जागतिक स्पर्धा झाली. झाक इस्टेल यानें फ्रेंच पद्धति अमेरिकेंत नेऊन १९५९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील ऑरेंज येथें शिक्षणाचें केंद्र काढलें. पैसे देऊन पाहणाऱ्यांच्या जागीं पैसे देऊन शिकणारे आले. दरम्यान छत्रीहि बदलली. डोमिना जॅल्बर्ट यानें १९६४ च्या सुमारास कप्प्यांची, वाऱ्यानें फुगणारी चौकोनी छत्री योजली. ती पंखासारखी तरंगते व हव्या त्या ठिकाणीं उतरवितां येते. बिल बूथ यानें तीन कड्यांची कळ काढली. तिच्यामुळें गुंतलेली छत्री एका झटक्यांत तोडून टाकून राखीव छत्रीस मोकळी वाट देतां येऊं लागली. १९९१ मध्यें जर्मनींत एक लहानसें यंत्र निघालें, जें मनुष्य बेशुद्ध असला तरी ठराविक उंचीवर राखीव छत्री स्वतःच उघडतें. सोनच्या किंवा व्हॅलांतँच्या पाठीवर हें सामान असतें तर ते म्हातारे होऊन मेले असते, असें म्हणण्याचा मोह होतो.

या मंडळींत आपल्या पुण्याची एक बाई आहे, तिचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. शीतल महाजन यांनीं आयुष्यांतील पहिलीच उडी १८ एप्रिल २००४ रोजीं घेतली ती उत्तर ध्रुवावर. पुढें त्या दक्षिण ध्रुवावरहि उतरल्या, आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पायरी-पायरीनें चढावें असें सांगणाऱ्या या विद्येंत हा अपवाद केवढा आहे हें पुढील मजकुरावरून कळेल.

जॅल्बर्टची कप्प्यांची छत्री पाहून एका फ्रेंच मनुष्यास वाटलें, कीं हेच कप्पे अंगरख्यांत कां नसावेत? पात्रिक द गायार्दों हें त्याचें नांव. रायशेल्टच्या शिंपीकामाचा प्रश्न अशा रीतीनें ऐंशीं-ब्यायशीं वर्षांनीं सुटला. काठ्या गेल्या, लाकूड गेलें, वाराच हाडांचें काम करूं लागला. १९९० नंतरच्या मधल्या वर्षांत त्यानें हे पोशाख करून उडण्यास आरंभ केला, आणि १९९७ मध्यें तर ज्या विमानांतून उडी घेतली त्याच विमानाच्या बरोबरीनें तरंगत जाऊन तो पुन्हां त्याच्या दारांतून आंत शिरला. ज्या चौकटीनें व्हॅलांतँचा घात केला, तींतून हा परत आंत आला. १३ एप्रिल १९९८ रोजीं हवाई बेटांत सरावाची उडी घेतांना तो मेला. पोशाखाचा त्यांत दोष नव्हता. पाठीवरील छत्रीच्या पिशवींत त्यानें स्वतः कांहीं फेरफार केले होते, त्या शिवणींत चूक होती. वाचकांनीं पाहावें: रायशेल्ट, सोन, व्हॅलांतँ, गायार्दों, चौघे चार तऱ्हांचे; आणि चौघांच्याहि बाबतींत शेवटच्या क्षणीं उघडावयाचें तें कापड उघडलें नाहीं.

गायार्दोंच्या मृत्यूनंतर ही विद्या त्याच्याबरोबर संपली असती. ती संपली नाहीं याचें श्रेय फिनलंडचा यारी कुओस्मा व क्रोएशियाचा रॉबर्ट पेचनिक या दोघांस आहे. त्यांनीं १९९९ च्या सुमारास असे पोशाख विक्रीस काढले आणि त्यांबरोबर शिकविणारेहि तयार केले. आमच्या मतें या गोष्टीचें महत्त्व गायार्दोंच्या शोधाइतकेंच आहे. त्यापूर्वीं प्रत्येक पंखवाला आपलें गुपित पोटांत ठेवून मरे, व पुढचा पुन्हां पहिल्यापासून आरंभ करी. आतां नियम झाले. अमेरिकेच्या पॅराशूट संघाच्या नियमाप्रमाणें साध्या २०० उड्या झाल्यावांचून विंगसूट अंगांत घालतां येत नाहीं. जागतिक वैमानिक महासंघानें २०१५ मध्यें इंग्लंडांत या खेळाची पहिली जागतिक चषक स्पर्धा व २०१६ मध्यें फ्लॉरिडांत पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरविली. तेथें एक हजार मीटर उंची उतरेपर्यंत कोण अधिक वेळ राहतो, कोण अधिक दूर जातो, कोण अधिक वेगानें जातो, हें उपकरणांनीं मोजतात. मैदानावर उभें राहणाऱ्यास तींतलें जवळजवळ कांहींच दिसत नाहीं. तमाशा म्हणून हा प्रकार अगदीं रुक्ष आहे, आणि म्हणूनच त्यांत माणसें कमी मरतात.

येथें थांबलों असतों तर ही हकीकत मोठी समाधानाची झाली असती. परंतु विमानाच्या शेजारींच दुसरी एक वाट फुटली होती. १९७८ च्या ऑगस्टमध्यें कॅलिफोर्नियांतील एल् कॅपिटन या प्रचंड कड्यावरून कार्ल बेनिश यानें व त्याच्या सोबत्यांनीं छत्र्या घेऊन उड्या टाकल्या. इमारत, मनोरा, पूल आणि कडा या चारांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या प्रकारास बेस असें नांव पडलें. बेनिश हा मूळचा चित्रपट घेणारा. त्याच्या उड्या त्याच्याच यंत्रांनीं लोकांपर्यंत नेल्या. १९८४ च्या जुलैंत नॉर्वेंतील ट्रोलव्हेगन कड्यावर पत्नीसह विक्रम केल्यानंतर लगेच तो तेथेंच उडी घेतांना मेला. त्याच्या पत्नीनें थोड्याच दिवसांत त्याच पर्वतावरून पुन्हां उडी घेतली. हें धैर्य कीं हट्ट, याचा निर्णय करण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाहीं.

विंगसूट आल्यावर कड्यावरच्या लोकांस तो देवासारखा पावला. कारण कड्यापासून दूर जाणें हीच त्यांची मोठी अडचण, व ती या पोशाखानें दूर होते. आमच्या हिमालयासहि त्याचा स्पर्श झाला. २००६ सालीं ग्लेन सिंगलमन व हेदर स्वॉन या ऑस्ट्रेलियन दांपत्यानें गढवालांतील मेरू शिखरावर चढून ६,६०४ मीटर उंचीवरून उडी घेतली. २०१२ मध्यें रशियाच्या व्हॅलेरी रोझोव्हनें शेजारच्याच शिवलिंगावरून घेतली. पण कड्यापासून दूर जातां येऊं लागलें तशी कांहींजणांस जवळ जाण्याची ओढ लागली. कड्याच्या कुशीवरून, झाडांच्या शेंड्यांवरून, खिंडींतून हातभर अंतरानें जावें आणि डोक्यावरच्या लहान कॅमेऱ्यानें तें टिपावें, असा परिपाठ पडला. वेग किती हें आकाशांत कळत नाहीं. जवळून खडक सरकला कीं कळतो, आणि पाहणाऱ्यासहि तेव्हांच कळतो. व्हँसेनचे ते एक लाख लोक अशा रीतीनें परत आले; फरक इतकाच कीं आतां ते घरीं बसलेले होते व त्यांस तिकीट नव्हतें.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनांत राणीच्या व जेम्स बाँडच्या वेषांत दोघेजण हेलिकॉप्टरांतून उतरले, तें आमच्या अनेक वाचकांनीं पाहिलें असेल. राणी झालेला गॅरी कॉनरी यानें त्याच वर्षीं मे महिन्यांत, छत्री न उघडतां, सुमारें १८,६०० पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ढिगावर विंगसूटनें उतरून दाखविलें होतें, आणि तो सुखरूप राहिला. बाँड झालेला मार्क सटन १४ ऑगस्ट २०१३ रोजीं स्वित्झर्लंडांत डोंगरकड्यावर आदळून मेला. २०१६ च्या उन्हाळ्यांत आल्प्स पर्वतांत असे इतके मृत्यू झाले कीं त्या मंडळींतहि सुन्नपणा पसरला. अडीच-तीन मीटर रुंदीच्या खडकांतील भोकांतून आरपार गेलेला इटलीचा उली एमानुएले त्यांतच गेला. रोझोव्ह ११ नोव्हेंबर २०१७ रोजीं नेपाळांत अमा दब्लम शिखरावरून उडी घेऊन कड्यावर आदळला. या मृत्यूंत छत्रीची चूक नव्हती. पंख उत्तम चालत होते. इतके उत्तम, कीं त्यांच्या भरंवशावर खडकाजवळ जातां येत होतें. आरंभीं आम्हीं जो हिशेब मांडला तो येथें उलटा होतो, हें वाचकांपासून लपविण्याचें कारण नाहीं.

बेसवाल्यांनीं आपल्या मृतांची एक यादी ठेविली आहे. १९८१ पासून तींत प्रत्येकास अनुक्रमांक मिळतो, व तो आंकडा चारशेंच्या पुढें गेला आहे. स्तुति तींत फारशी नसते. कोणता कडा, कोणता वारा, कोणता पोशाख, छत्री केव्हां ओढली कीं ओढलीच नाहीं, आणि सोबत्यांच्या मतें चूक कोठें झाली, इतकेंच असतें. नवा मनुष्य शिकावयास आला, कीं जाणते लोक त्यास कड्यावर नेण्याआधीं ती पहिल्या नांवापासून शेवटच्या नांवापर्यंत वाचून काढावयास सांगतात.